घरी सहा वीस

२७ एप्रिल

प्रिय घुम्या,

आशीर्वाद आधी घेऊन ठेव, कारण पुढे नुसता राग आहे.

रविवारी फोनवर तू म्हणालास की आईला त्या केंद्रात कायमचं ठेवायचं घाटतंय. मी काही विचारायच्या आत "बरं, फोन ठेवतो" म्हणून मोकळा झालास. तुझं हे जुनंच आहे. शाळेतून तक्रार आली की तोंडात गुळणी धरून बसायचास, म्हणून तर आईने तुझं नाव घुम्या ठेवलं. कागदावर मात्र नुसतं 'बरं' लिहून पाकीट बंद करता येत नाही. म्हणून हे पत्र, आणि उत्तरही मला पत्रानेच हवं.

माझ्या डोक्यात आहे ते सरळ मांडते, चुकलं तर सांग. आई सप्टेंबरात तुझ्याकडे सहा महिन्यांसाठी गेली. डिसेंबरात न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुन्हा चालायला शिकवायचं म्हणून तिला केंद्रात ठेवलं. इथवर माझी काही तक्रार नाही. फेब्रुवारीत ती काठी घेऊन चालायला लागली, मार्चमध्ये परत यायची होती. आता एप्रिल संपत आला आणि तू सांगतोस की तिला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत असं त्यांना वाटतं, त्यामुळे ती घरी येऊ शकत नाही.

कोण म्हणतं तिला निर्णय घेता येत नाहीत? मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं की गॅलरीतल्या तिसऱ्या कुंडीची फट बुजवलीस का. मी विसरले होते. माझ्यापेक्षा तिचं डोकं बरं चालतंय.

त्यांनी तिला कितीदा तपासलं, काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं, त्याचे कागद असतील. त्यांच्या प्रती मला पाठव. मी सव्वीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आहेत, कागद वाचणं हे माझं कामच होतं. तुला आठवत असेल, एकदा फाटकावरचं घड्याळ चार मिनिटं पुढे गेलं होतं आणि चाळीस कामगारांना लेटमार्क लागणार होता. मॅनेजर म्हणाला, लावा. मी म्हटलं, आधी घड्याळ तपासा, मग माणसं. त्या दिवशी एकालाही लेटमार्क लागला नाही. मॅनेजर वर्षभर माझ्याशी बोलला नाही, ते वर्ष फार शांततेत गेलं.

कागद पाठव.

तुझी ताई


६ मे

प्रिय ताईस नमस्कार,

तुझं पत्र कामावर जाताना मिळालं. दिवसभर एका रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये अडकून होतो, म्हणजे दुरुस्त करत होतो, आणि मधूनमधून वाचत होतो. तू रागावणार हे ठाऊक होतं.

ताई, मी काही लपवत नाहीये. दर काही आठवड्यांनी एका बुधवारी तपासनीस बाई येतात. आईला इथली भाषा येत नाही, म्हणून मी सुट्टी काढून दुभाष्याचं काम करतो. त्या नाव विचारतात, गाव विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. ते आई माझ्याही आधी करते. मग विचारतात, आज वार कोणता, आता किती वाजले. तिथे सगळं घोडं अडतं. चारदा विचारलं आणि चारही वेळा चुकलं, तेही थोडंथोडकं नाही, कित्येक तासांनी. एकदा तर वारच चुकला. आईला इथेच ठेवण्यासाठी केंद्राने केलेल्या अर्जात त्यांनी लिहिलंय की रुग्णास काळवेळेचं भान राहिलेलं नाही.

यावर १७ जूनला समितीपुढे सुनावणी आहे. इथे सकाळी अकरा वाजता, म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळचे सात. तुला पडद्यावरून दहा मिनिटं बोलता येईल. पण खरं सांगू का, त्याआधीच सोबतच्या संमतीपत्रावर सही करून पाठवलीस तर सुनावणी नुसती नावापुरती होईल आणि आईलाही चार परक्या माणसांपुढे बसावं लागणार नाही. इथे तिची आबाळ होत नाही. खोली उजेडाची आहे, नर्स हसऱ्या आहेत. तुझ्याकडे तीन मजले आणि लिफ्ट नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या आईला बिनलिफ्टच्या घरात चढताना बघवेल का तुला?

विचार कर. मला तुझ्याशी भांडायचं नाही.

तुझा घुम्या


१५ मे

प्रिय घुम्या,

संमतीपत्र परत पाठवते आहे. चार तुकडे आहेत, मोजून घे.

तीन मजल्यांचं म्हणशील तर ते आता राहिले नाहीत. तळमजल्यावरच्या शिंप्याला बरीच वर्षं वरच्या उजेडाची जागा हवी होती, काळ्या कापडावर काळी शिवण घालताना त्याचे डोळे शिणतात. शनिवारी आम्ही खोल्यांची अदलाबदल केली. त्याची तीन शिलाई मशिनं वर गेली, माझी दोन कपाटं आणि आईच्या कुंड्या खाली आल्या. न्हाणीघरात गवंड्याकडून धरायला दांडा बसवून घेतला. त्याने विचारलं, किती उंचीवर? मी आईएवढी वाकून दाखवली. तेव्हा जिन्याचं कारण आता तू आणि तुझी समिती दोघांनीही बाजूला ठेवा.

उजेडाची खोली आणि हसऱ्या नर्स आहेत हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आईने तुला कधी सांगितलं का की मला इथे राहायचंय? त्याबद्दल तुझ्या दोन पानी पत्रात एक ओळ नाही. फोनवर ती मला दर वेळी एकच विचारते, तिकिटाचं काय झालं. ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे, टपालाने आलेलं पार्सल नाही, की पोचपावतीवर दुसऱ्याने सही केली आणि झालं.

कागद अजून आलेले नाहीत. तू ते पाठवायला विसरलास असं मी धरून चालते, कारण दुसरं काही धरलं तर मला फार राग येईल.

आणि अकरा म्हणजे सात नव्हे, सहा. पुन्हा मोजून बघ. आमच्या कारखान्याचा माल तुमच्याकडे जायचा, तेव्हा पाठवणी खात्यात तुमच्या वेळेचं एक वेगळं घड्याळ होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुम्ही लोक काटे एक तास पुढे करता, म्हणून सोमवारी सकाळी मी स्टुलावर चढून ते पुढे करायचे. ऑक्टोबरात पुन्हा मागे. आजोबा देश सोडून इतक्या पूर्वेला येऊन राहिले, म्हणून हिवाळ्यात आपण तुमच्या आठ तास पुढे, उन्हाळ्यात सात. हे तुला मी सांगायचं?

ताई


२३ मे

प्रिय ताई,

कागद जोडले आहेत. पाठवायला विसरलो नव्हतो. तुला त्रास होईल म्हणून ठेवले होते.

खोल्यांचं वाचलं. तू हे सगळं एका शनिवारी केलंस आणि मी इथे एक अर्ज भरायला तीन आठवडे घेतो.

वेळेचं मात्र तू उगाच मनावर घेऊ नकोस. सातच. इथे आल्यावर पहिल्या डिसेंबरात मी एक तक्ता केला होता, इकडे इतके तर घरी तितके, फरक आठ तास. तो फ्रिजवर चिकटवलेला आहे. बारा वर्षं त्याच्यावरूनच तुला फोन करतोय. सकाळी उठल्यावर मोबाइल आपोआप बरोबर वेळ दाखवतो, मला कधी काही बदलावं लागलेलं नाही.

आता एक सांगतो, म्हणजे माझं मन तुला कळेल. आईने तिचं मनगटी घड्याळ आल्यापासून घरच्याच वेळेवर ठेवलंय. मी कितीदा म्हटलं, इथल्या वेळेला लाव. म्हणाली, सहा महिन्यांसाठी घड्याळाची सवय कशाला मोडायची? आणि ताई आता उठली असेल, ताई आता नळावर असेल, हे मला बघता आलं पाहिजे. म्हणून फेब्रुवारीत सकाळी दहा वीसला तिने सहा वीस सांगितले तेव्हा मी मनात म्हटलं, हां, आई घरची वेळ सांगतेय. मार्चमध्ये बुधवारी दुपारी पावणेपाचला तिने पाऊण आणि गुरुवार सांगितलं. तक्त्याशी ताडून पाहिलं, तेही जुळलं, कारण तोवर तुमच्याकडे गुरुवार लागला होता.

पण एप्रिलमध्ये पुन्हा नेमक्या दहा वीसलाच विचारलं आणि तिने पाच वीस सांगितले. दोन महिन्यांपूर्वी त्याच वेळेला सहा वीस आणि आता पाच वीस. तपासनीस बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली आहे, बघ. 'उत्तरात सातत्य नाही, अवस्था खालावत आहे.' पुढच्या वेळीही तसाच एक तास कमी. मी घरी येऊन फ्रिजसमोर उभा राहिलो, दोनदा मोजलं, आणि तिथेच जमिनीवर बसलो. ताई, मला ते मान्य करायचं नव्हतं. पण घड्याळ हातात असून ती चुकायला लागली आहे.

तुझा घुम्या


३१ मे

घुम्या,

आज प्रिय वगैरे काही नाही.

तुझे कागद आले. मी टेबल रिकामं केलं, टाइम ऑफिसातला जुना हजेरीचा कोरा कागद काढला आणि आडवे-उभे रकाने पाडले. एका रकान्यात तुमची वेळ, दुसऱ्यात आईचं उत्तर, तिसऱ्यात फरक. त्याची नक्कल सोबत आहे, तुझ्या सहा मेच्या पत्राचीही, आणि तक्त्याची एक प्रत मी समितीला रजिस्टरने पाठवली आहे. तू वाचणार नाहीस असं वाटतं म्हणून इथेही लिहिते.

अकरा फेब्रुवारी, तुमचे दहा वीस, आईचे सहा वीस, फरक आठ. चार मार्च, तुमचे पावणेपाच, आईचे पाऊण, फरक आठ. मग एकोणतीस मार्चला तुम्ही सगळ्या देशाने मिळून घड्याळं एक तास पुढे केलीत. आठ एप्रिल, तुमचे दहा वीस, आईचे पाच वीस, फरक सात. बावीस एप्रिल, तुमचे दोन पाच, आईचे नऊ पाच, फरक सात.

चारही वेळा एका मिनिटाचीसुद्धा चूक नाही. सव्वीस वर्षांत इतकी चोख हजेरी मी एकाही कामगाराची पाहिलेली नाही. आई जागची हलली नाही, काटे तुम्ही हलवलेत, आणि लाल रेघ तिच्या नावाखाली मारलीत.

आणि तू. बारा वर्षं त्या देशात राहतोस, रोज कामावर वेळेत जातोस, आणि फ्रिजवर डिसेंबरातला तक्ता लावून वर्षभर त्याच्यापुढे मान डोलावतोस. आत्ता मला कळलं की उन्हाळ्यात तुझा फोन नेहमी एक तास आधी का येतो. माझे हात साबणाचे असतात, फोन निसटतो, पण मी घेत आले. मला वाटायचं, उन्हाळ्यात याला आपली जरा जास्त आठवण येत असेल. बारा उन्हाळे मी तेवढ्यावर खूश होते. बघ किती स्वस्तात पटले मी.

तुझं ऐकून मी सात वाजता पडद्यापुढे बसले असते तर तोवर समिती उठून गेली असती, आणि मुलगी आलीच नाही असं कागदावर पडलं असतं. आईची एका तासाची 'चूक' म्हणजे तिला काळवेळेचं भान नाही. तुझी एका तासाची चूक म्हणजे काय, तेवढं मला कुणीतरी सांगा.

आता एक प्रश्न, आणि याचं उत्तर फिरवू नकोस. ती घरची वेळ सांगतेय हे तुला फेब्रुवारीतच कळलं होतं. मग त्या बाईंना तू ते का सांगितलं नाहीस? चारही कागदांवर नुसते आकडे आहेत. आईला मी ओळखते. 'घरी' म्हटल्याशिवाय ती घरची वेळ सांगणार नाही.

ताई


८ जून

ताई,

ती म्हणाली होती.

पहिल्या वेळी तिने घड्याळ बघितलं आणि स्वच्छ सांगितलं, "घरी सहा वीस." मी फक्त सहा वीस सांगितलं. त्या बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, बाहेर अजून तीन रुग्ण बसले होते आणि मला बाराच्या आत एका इमारतीत पोचायचं होतं, तिथे लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. म्हटलं, एवढ्यासाठी कशाला घोळ घालायचा. बाईंनी फुली मारली. ती फुली बघूनसुद्धा मी काही बोललो नाही.

दुसऱ्या वेळी सांगणार होतो. पण मग आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं असतं. तिसऱ्या वेळी आकडा माझ्याच तक्त्याशी जुळेना, तेव्हा मला, हे लिहितानाही लाज वाटते, मला जरा सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे माझ्या गप्प बसण्याने काही बिघडलं नाही, आई खरंच विसरायला लागली आहे. मग मी एप्रिलअखेर लिहून दिलं की मुलगा म्हणून मलाही तसंच वाटतं. त्या कागदावर माझी सही आहे. ते तुला सांगितलं नव्हतं.

तुझा तक्ता मी तीनदा वाचला. तो एवढा स्पष्ट आहे की समितीला तेवढाच पुरेल. 'घरी'चं त्यांना सांगायची गरज पडणार नाही, असं मला वाटतं. सांगितलं तर मी खोटं भाषांतर केलं असं कायमचं लागेल. एवढं कर ताई, माझं नाव घेऊ नकोस.

हे पत्र तुला सोळा तारखेला मिळेल. उत्तर यायला वेळच नाही, हे मला कळतं. कदाचित म्हणूनच आज लिहायचं धाडस झालं.

घुम्या


१८ जून

प्रिय ताई,

काल तुझे सहा म्हणजे सहा वाजता तू पडद्यावर आलीस. मागे खिडकी होती आणि खिडकीत आईच्या कुंड्या. तू ते मुद्दाम केलं होतंस, मला कळलं. आईलाही कळलं, तिने सगळ्यात आधी तिसरी कुंडी बघितली.

तुझी दहा मिनिटं संपल्यावर त्यांनी पडदा बंद केला. त्यानंतरचं तुला माहीत नाही. फोनवर मी फक्त निकाल सांगितला, कारण बाकीचं मला फोनवर बोलता आलं नसतं.

तू तुझा तक्ता एकेक ओळ करून वाचलास. समितीच्या प्रमुख बाईंनी प्रत्येक ओळीला मान हलवली. तपासनीस बाई म्हणाल्या की आकडे जुळतात हे खरं, पण रुग्ण घरची वेळ सांगत होती याला आधार काय? हा योगायोगही असेल. भानावरचा माणूस आपण ज्या खोलीत बसलोय तिथली वेळ सांगतो. तू म्हणालीस, "चार वेळा मिनिटासकट योगायोग होत असेल तर तुमच्याकडचं कुठलंच घड्याळ भरवशाचं नाही." एवढ्यात तुझी वेळ संपली. तू माझं नाव घेतलं नाहीस. मी शेवटच्या सेकंदापर्यंत वाट बघत होतो की घेशील, म्हणजे मला उठावं लागेल. तू घेतलंच नाहीस.

मग प्रमुख बाईंनी मला आईशेजारी बसून दुभाष्याचं काम करायला सांगितलं. मी उभा राहिलो. लिफ्टच्या छतावर बारा वर्षं उभा राहिलोय, ते यापेक्षा सोपं. मी म्हणालो, "दुभाषा दुसरा द्या. मला साक्ष द्यायची आहे."

सगळं सांगितलं. पहिल्या बुधवारी आई काय म्हणाली आणि मी त्यातलं काय गाळलं, ते. एप्रिलमधला माझा सहीचा कागद मी परत मागितला. ते म्हणाले, जमा झालेला कागद परत मिळत नाही. मी म्हणालो, मग त्याच्याच खाली लिहा की हे लिहिणाऱ्याला स्वतःलाच वेळ कळत नाही. आणि खिशातून फ्रिजवरचा तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला, त्याच्याशेजारी तुला लिहिलेलं माझं सहा मेचं पत्र, तू नक्कल पाठवली होतीस ते. इथले अकरा म्हणजे तुझ्याकडचे सात. प्रमुख बाईंनी तो तक्ता हातात घेतला. बाराव्या वर्षी तो इतका तेलकट झालाय की त्यांनी दोन बोटांनीच धरला.

तपासनीस बाई रागावल्या. त्यांचंही खरं आहे, मी त्यांना फसवलं होतं. त्या म्हणाल्या की या माणसावर आता कशासाठी विश्वास ठेवायचा? मी म्हणालो, माझ्यावर ठेवूच नका, आईलाच विचारा.

फोनवर एक दुभाषी बाई आल्या आणि आधी त्यांनी माझी साक्ष आईला सांगितली. आई इतका वेळ दोन्ही हात काठीवर ठेवून बसली होती. प्रमुख बाईंनी तिला विचारलं, आता किती वाजले?

आईने बाही वर सारली, घड्याळ बघितलं आणि सावकाश सांगितलं, "घरी सहा चाळीस. तुमच्याकडे अकरा चाळीस. आणि याच्या फ्रिजवर सात चाळीस."

ताई, दुभाषी बाईंनी एकही शब्द गाळला नाही. मी नीट ऐकत होतो.

प्रमुख बाई हसल्या, मग त्यांनी विचारलं की तुम्हाला इथलीही वेळ येते तर आधी का सांगितली नाही? आई म्हणाली की मला किती वाजले ते विचारलं, कुणाकडे ते कुणी विचारलं नाही. आणि मी पहिल्या दिवसापासून 'घरी' म्हणत आले आहे, ते पुढे पोचत नव्हतं हे मला आज कळतंय. हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं मला जास्त लागलं. पुढे ती म्हणाली, "मला घरी जायचंय. हे आता दोघांच्या तोंडून नको, माझ्याच तोंडून लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. अर्ज फेटाळला आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट मी आजच काढलं.

केंद्रातून बाहेर पडताना मी तिला म्हणालो, आई, चुकलो. ती म्हणाली, "चुकलास. पण आज घुम्यासारखा नाही वागलास." मग लिफ्टपाशी आल्यावर मला म्हणाली, ही नीट चालते ना रे, की हीही तूच बघतोस?

तुझा
घुम्या


९ ऑगस्ट

चिरंजीव घुम्यास आईचे आशीर्वाद.

अक्षर हलतं आहे ते माझं नाही, टेबलाचा एक पाय आखूड आहे. ताईने घर बदललं पण टेबल तेच ठेवलं.

मी बरी आहे. दांडा अगदी बेताच्या उंचीवर आहे. शिंपी वरून दिवसभर मशिन चालवतो, मला सोबत होते. तिसरी कुंडी अजून गळते, ताईने फट बुजवली होती म्हणे, पण तिला तेवढंच जमत नाही.

आज इथले डॉक्टर खुबा बघायला आले आहेत. चांगले आहेत, फार बोलतात. पाय वाकवून बघितला, मग सहज गप्पा मारल्यासारखं करून विचारलं, "आजी, किती वाजले बघू?" मला लगेच कळलं की हेही तपासणारेच. मी घड्याळ बघितलं आणि सांगितलं, "घरी दहा वीस."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळचे पाच वीस झाले होते. त्यांनी ताईकडे पाहिलं, ताईने माझा हात ओढून मनगट बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "अगं आई, आता घर इथे आहे."

मी म्हटलं, तेही आहे.

विमानातून उतरल्यावर सगळे काटे फिरवत होते, तेव्हा मीही फिरवले, पण उलटे. तुझ्या वेळेला लावले. तिकडे होते तेव्हा ताई काय करतेय ते बघायची, आता तू काय करतोस ते बघते. आता तू उठला असशील. आता डबा घेऊन निघाला असशील. आता कुठल्या तरी लिफ्टच्या छतावर असशील, सांभाळून उभा राहा. त्या दिवशी तुझ्याकडे पाहिलं नाही ते रागाने नाही. पाहिलं असतं तर तू पुन्हा गप्प बसला असतास, तुला मी ओळखते.

डॉक्टरांना ताई समजावत बसली आहे, तुझ्या तक्त्यासारखा एक तक्ता काढून. समजावू दे. त्यांना पटलं नाही आणि त्यांनी फुली मारली तर मारू देत, मी घड्याळ बदलणार नाही.

ऑक्टोबरात तुम्ही काटे मागे घेतलेत की मला त्याच दिवशी कळव. फोन कर, पत्र नको. पत्राला आठ दिवस लागतात आणि तेवढे दिवस माझं घड्याळ चुकीचं राहील.

तुझी आई